जुन्या पुस्तकाचं चामडं कसं ओळखावं: नाशिकमधल्या नव्या संग्राहकांसाठी

नाशिकमध्ये चामडी बांधणीची जुनी पुस्तकं बाहेर पडतात ती बहुतेक वेळा वाडा उतरवताना. जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला वाडा बिल्डरकडे जातो, वाटण्या होतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि पुस्तकं रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढतात. काही पुस्तकं जुन्या वकिलांच्या घरांतून येतात, काही देवळाली कॅम्पातल्या बंगल्यांतून. शरणपूर भागातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांकडे पिढ्यान् पिढ्या वाचलेली मराठी बायबलं असतात. मालेगावकडे गेलात तर उर्दू-फारसी किताबांच्या जुन्या जिल्दीही बघायला मिळू शकतात.

असं पुस्तक हातात आलं की नवखा माणूस आधी सोनेरी अक्षरं बघतो आणि ‘चामड्याचं आहे म्हणजे भारी असणार’ असं धरून चालतो. तसं नसतं. मेंढीच्या पातळ पापुद्र्यात बांधलेलं पुस्तक आणि बकरीच्या चांगल्या कमावलेल्या कातड्यात बांधलेलं पुस्तक लांबून सारखंच दिसतं, पण शंभर वर्षांनी एकाचा कणा, म्हणजे पुस्तकाची पाठ, हाताला भुकटी लावतो आणि दुसरं आजही सहज उघडतं. म्हणून किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात: कातडं कोणत्या प्राण्याचं, ते कशात कमावलेलं, आणि ते पुस्तकावर केव्हा चढलं. या लेखात त्याच क्रमाने जाऊ.

त्याआधी एक खुलासा. आपल्याकडचं धार्मिक हस्तलिखित म्हणजे बहुतेक वेळा पोथी, आणि अशा पोथीला शिवलेली बांधणीच नसते. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, भोवती कापडाचा रुमाल. देवघरात कातडं चालत नसे, त्यामुळे छापील धार्मिक ग्रंथही कापडात किंवा नुसत्या कागदी वेष्टनात असायचे. एखादी जुनी छापील पोथी चामड्यात बांधलेली दिसली, तर ती बांधणी नंतर कुणीतरी करून घेतली असण्याचा संभव जास्त. मराठी संग्राहकाला चामडं भेटतं ते कोश, कायदा, सरकारी अहवाल, मिशनरी प्रकाशनं, संस्थानिकांची ग्रंथालयं आणि शाळा-कॉलेजांची बक्षिसाची पुस्तकं यांत.

पहिली पायरी: नमुन्यांची वही

पुस्तक विकत घेण्याआधी हात तयार करा. चप्पल-बूट, पट्टे, पाकिटं बनवणाऱ्या कारागिराकडे कापून उरलेले तुकडे असतात. बकरी, मेंढी, म्हैस, शिवाय रेक्झीन, असे तळहाताएवढे तुकडे मागून घ्या. जाड कागदाच्या वहीत एकेक तुकडा फक्त एका कडेने चिकटवा, म्हणजे मागची बाजूही बघता येईल. शेजारी प्राणी लिहा आणि कमावणी झाडपाल्याची की क्रोमची (क्रोमियमच्या क्षारांची) तेही लिहा. कारागीर हे सांगतात, आणि कौतुकाने सांगतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. घड्याळ दुरुस्तीवाले वापरतात तसलं पुरतं.

पार्चमेंट म्हणजे चर्मपत्र कसं असतं हे कळण्यासाठी मात्र चामड्याच्या दुकानात जाऊन उपयोग नाही. ते कमावलेलं चामडंच नसतं. चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं ताणून वाळवलं की पार्चमेंट होतं. नाशिक ढोलाचं कातडी पान हाताने चाचपून बघा, तो त्याचा सख्खा भाऊ. तसंच कडक, पिवळसर, थोडं पारदर्शक. पावसात ढोलाचं पान उतरतं, आवाज बसतो. पार्चमेंटच्या बांधणीचे पुठ्ठेही दमट हवेत तसेच वाकतात आणि पुस्तक मिटेनासं होतं.

दुसरी पायरी: प्राणी ओळखा

पुस्तक उजेडात तिरकं धरा आणि भिंग लावा. केस जिथून उगवले होते त्या छिद्रांची मांडणी हीच कातड्याची ओळख.

बकरीच्या कातड्यावर छिद्रं झुबक्यांनी, वळणावळणाच्या ओळींत असतात आणि पृष्ठभागावर दाणा उठलेला असतो. पुस्तकांच्या दुनियेत याला मोरोक्को म्हणतात. चिवट, हलकं, वाकवलं तरी न फाटणारं. बांधणीसाठी याच्या तोडीचं कातडं नाही असं माझं मत आहे. वासराचं कातडं गुळगुळीत असतं, छिद्रं अगदी बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली. सोनेरी ठसा त्यावर सुंदर उमटतो, पण ओरखडे लगेच पडतात आणि पुठ्ठा जिथे कण्याला मिळतो त्या सांध्यावर ते लवकर चिरतं. डुकराचं कातडं एकदा पाहिलं की विसरत नाही, कारण छिद्रं तीन-तीनच्या गटाने, त्रिकोणात असतात. ते युरोपातल्या, विशेषतः जर्मन, जुन्या बांधणीत भेटतं, आपल्याकडे क्वचितच.

मेंढीचं कातडं जरा नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. ते मऊ आणि सैल असतं. वरचा थर आणि आतला थर यांची पकड ढिली असल्यामुळे जुन्या मेंढीच्या बांधणीवर पापुद्रे सुटलेले दिसतात. हा वरचा पापुद्राच वेगळा काढून स्किव्हर नावाने वापरत, आणि त्यावर दाबयंत्राने बकरीसारखा दाणा उमटवत. जुन्या जाहिरातींत ‘फ्रेंच मोरोक्को’ असं ज्याला म्हटलेलं असतं ते मेंढीचंच कातडं असतं. तेव्हा विक्रेता ‘मोरोक्को’ म्हणाला की मान डोलावण्याआधी भिंग काढा. खरा दाणा कुठेही हुबेहूब सारखा नसतो. तीच रेघ, तोच खळगा ठरावीक अंतरावर पुन्हा दिसला तर तो साच्याने उमटवलेला दाणा समजा.

रेक्झीन ओळखायला कोपरा बघा. झिजलेल्या कोपऱ्यावर किंवा आत वळवलेल्या कडेला कापडाचं विणकाम डोकावतं. चामड्याच्या झिजलेल्या कोपऱ्यावर मखमलीसारखे तंतू दिसतात. जाळून बघणे, नखाने खरवडणे, पाण्याचा थेंब टाकणे हे प्रयोग तुमच्या नमुन्यांवर खुशाल करा. पुस्तकावर कधीही नाही.

हेही लक्षात घ्या की सगळंच पुस्तक चामड्यात असेल असं नाही. नुसता कणा चामड्याचा असेल तर ती क्वार्टर लेदर. कणा आणि कोपरे असतील तर हाफ लेदर. सगळं चामड्यात असेल तर फुल लेदर. हाफ लेदरमध्ये मधल्या भागात कापड किंवा मार्बल कागद असतो. त्या कागदाचा रंग टिकून असेल, तर पुस्तक उन्हात राहिलेलं नाही याची ती चांगली खूण.

तिसरी पायरी: लाल भुकटी

जुन्या कायद्याच्या पुस्तकांचा गठ्ठा उचललात की हातावर, शर्टावर विटकरी भुकटी लागते. इंग्रजीत याला रेड रॉट म्हणतात. ती साधी धूळ नसते, कातड्याचे तंतूच आम्लाने कुजून त्यांचं पीठ झालेलं असतं. हवेतल्या गंधकाच्या वायूचं चामड्यात गंधकाम्ल होतं आणि ते आतून कातडं खातं. एकोणिसाव्या शतकातल्या विलायतेत कोळशाचा धूर आणि गॅसचे दिवे दोन्ही होते, त्यामुळे तिथल्या ग्रंथालयांत हा रोग आधी लक्षात आला. कण्याला हवा आणि उजेड सर्वांत जास्त लागतो, म्हणून पुस्तकांना दाटून बसलेले पुठ्ठे ठीक राहतात आणि कणा मात्र गळून पडतो.

पण त्याच कपाटात एक पुस्तक कुजतं आणि शेजारचं टिकतं, हे कसं? उत्तर कमावणीत आहे, आणि ते थेट आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने बांधणीच्या चामड्याची चौकशी करायला समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ मध्ये आला आणि पुढे १९०५ मध्ये तो ग्रंथरूपाने निघाला. समितीने ज्या चामड्यांवर सर्वांत कडक ठपका ठेवला त्यांत हिंदुस्थानातून जाणारी, तरवडाच्या सालीत कमावलेली बकरी-मेंढीची कातडी होती. व्यापारात त्यांतल्या बऱ्याच मालाला ‘पर्शियन’ हे नाव होतं. कातडी मुख्यतः मद्रास इलाख्यातून जात. तरवड म्हणजे आपल्याकडे माळरानावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांनी डवरलेलं दिसतं तेच झुडूप. सिन्नर-निफाडच्या कोरड्या बाजूला फिरताना ते सहज भेटतं.

तरवड, बाभूळ यांच्या सालीतलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं द्रव्य, एका जातीचं. त्यात कातडं झटपट आणि छान कमावतं, पण उजेडात लालसर पडतं आणि गंधकाच्या वायूला दाद देऊन बसतं. हिरडा, सुमाक, मायफळ यांतलं टॅनिन दुसऱ्या जातीचं; ते या आम्लापुढे जास्त काळ तग धरतं. सह्याद्रीतला हिरडा, विशेषतः जुन्नर-आंबेगावकडचा, कातडी कमावण्यासाठी मोठ्या प्रमाणात परदेशी जात असे. महाराष्ट्रात कातडी कमावण्याचं काम पिढ्यान् पिढ्या ढोर समाजाने केलं. चुना, बाभळीची साल आणि हिरडा यांचं प्रमाण त्यांच्या हाताला ठाऊक होतं. चामड्याच्या बांधणीचं कौतुक करताना आपण सोनेरी ठसा उमटवणाऱ्या बाइंडरचं नाव घेतो आणि कातडं घडवणाऱ्यांना विसरतो, हे मला बरोबर वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं चामडी पुस्तक घेताना याचा उपयोग होतो. सांधा अलगद उघडा, बोट कण्यावर हलकेच टेकवा आणि बघा. बोट स्वच्छ राहिलं तर उत्तम. थोडी लाली आली तर पुस्तक अजून सावरता येईल. कण्याचे तुकडेच गळत असतील तर किंमत ठरवताना चामडं हिशोबात धरूच नका. पानांपुरते पैसे द्या.

अशा कण्याला ओल्या फडक्याने पुसू नका. कुजलेल्या चामड्याला पाणी लागलं की तो भाग काळा आणि कडक होतो, आणि परत पूर्ववत होत नाही.

चौथी पायरी: बांधणी त्याच काळातली आहे का

इथे भिंगापेक्षा धीर जास्त लागतो. पुस्तक छापलं गेलं त्याच सुमाराची बांधणी असेल तर संग्राहक तिला जास्त मान देतो, मग ती झिजलेली का असेना. नव्याने बांधलेलं चकचकीत पुस्तक वाचायला सोयीचं असतं, पण पुस्तकाच्या आयुष्यातला एक मोठा पुरावा तिथे नाहीसा झालेला असतो.

सर्वांत आधी कसरीची भोकं बघा. किड्याचं भोक पानांतून जात जात पुठ्ठ्याशी येऊन एकदम थांबलं असेल, पुठ्ठ्यात त्याचा मागमूस नसेल, तर पुठ्ठा नंतरचा आहे. मग अस्तराचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला, कागद बघा. आतली पानं तपकिरी आणि अस्तर पांढरंशुभ्र असेल तर उत्तर उघड आहे. मग समास. जुनं पुस्तक पुन्हा बांधताना बाइंडर कडा सारख्या करायला कटिंग मशीनखाली घालतो, आणि दर वेळी समास कमी होतो. वरच्या बाजूला पृष्ठांक किंवा शीर्षक कडेला टेकलेलं दिसलं की समजा, पुस्तकाची काटछाट झाली आहे. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत ग्रंथालयात असेल तर पानाची उंची पट्टीने मोजून घ्या आणि ताडून बघा.

कणा तेवढा नवा आणि पुठ्ठे जुने असंही असतं. ही प्रामाणिक दुरुस्ती आहे, फक्त विक्रेत्याने ती सांगायला हवी. सांध्याजवळ जुन्या चामड्याखाली नवं चामडं सरकवलेलं असतं. रंगात जरासा फरक आणि बोटाला हलकी पायरी लागते. आतल्या बाजूला, मागच्या अस्तराच्या कोपऱ्यात, कधी कधी बाइंडरची किंवा विक्रेत्याची नखाएवढी छापील चिठ्ठी सापडते. ती कधीच काढू नका. बांधणी कुठे झाली याचा तो एकमेव पुरावा असू शकतो.

सुमारे १८२० नंतर विलायतेत प्रकाशक स्वतःच कापडी बांधणी करून पुस्तकं विकू लागले. त्याआधी पुस्तक साध्या पुठ्ठ्यात किंवा सुट्या फर्म्यांत (घडी घातलेल्या छापील कागदांत) मिळे आणि घेणारा आपल्या ऐपतीप्रमाणे चामडं चढवून घेई. म्हणून एकाच आवृत्तीच्या दोन प्रती वेगवेगळ्या चामड्यात असणं त्या काळच्या पुस्तकांत नेहमीचं आहे, संशयाचं कारण नाही.

पाचवी पायरी: किंमत कशावरून

पहिलं, पुस्तक पुरं आहे का? नकाशा, चित्रं, मुखपृष्ठानंतरचं कोरं पान, शेवटचं शुद्धिपत्र, सगळं मोजा. नकाशा नसलेल्या मोरोक्को बांधणीपेक्षा नकाशासकट फाटकी कापडी प्रत बरी. १८८३ मध्ये निघालेला नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १६ वा खंड, इथल्या प्रत्येक संग्राहकाला हवा असतो. त्याची नंतरची पुनर्मुद्रणंही आहेत, त्यामुळे बाहेरचं चामडं बघून भुलू नका; आतलं शीर्षकपान आणि कागद बघा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचंही तसंच. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, आणि त्यानंतरही तो छापला गेला आहे. वर्ष पाहिल्याशिवाय भाव बोलू नका.

दुसरं, पुस्तक किती दुर्मिळ? इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून निघते. त्याचे चामडी खंड वकिलांच्या घरी भिंतभर असतात, दिसायला राजेशाही असतात, पण असे संच पुष्कळ आहेत आणि चामडं बहुधा साधं. शोभेसाठी घेणारे घेतात. संग्राहकाने त्यात पैसे गुंतवू नयेत.

तिसरं, मालकीच्या खुणा. संस्थानाची मुद्रा, बुकप्लेट (मालकाच्या नावाची आत चिकटवलेली छापील चिठ्ठी), बक्षिसाचं लेबल, समासातल्या टिपा यांनी पुस्तकाचं मोल वाढतं. ग्रंथालयाचा शिक्का मात्र सावधपणे बघा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. इतक्या जुन्या संस्थांच्या संग्रहातली पुस्तकं वाट चुकून बाजारात येऊ शकतात. शिक्का आहे पण ‘रद्द’ केल्याची नोंद नाही, अशी प्रत कुठल्याही ग्रंथालयाची असो, आधी त्या ग्रंथालयाला विचारा. पुस्तक त्यांचं निघालं तर ते त्यांच्याकडेच जायला हवं.

चामडं या यादीत चौथं येतं, पण आलं की ते चांगलाच फरक पाडतं. दोन प्रती पुऱ्या, एकाच आवृत्तीच्या असतील, तर त्याच काळातल्या मोरोक्कोतली प्रत मेंढीच्या कातड्यातल्या प्रतीला मागे टाकते, आणि मूळ झिजलेली बांधणी नव्या फुल लेदरला. मराठी दोलामुद्रितांत, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातल्या पुस्तकांत, तर मूळ कागदी वेष्टन टिकलेलं असेल तर ते कुठल्याही नंतरच्या चामड्यापेक्षा मोलाचं, कारण ती वेष्टनंच सर्वांत आधी फाटून जातात.

कायद्याचंही एक ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित किंवा दस्तऐवज पुरावस्तू ठरतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या ग्राहकाने कितीही भाव सांगितला तरी आधी हे तपासा.

सहावी पायरी: नाशिकच्या हवेत जपणूक

आपली हवा चामड्याला दोन्हीकडून छळते. एप्रिल-मेच्या दुपारी ती इतकी कोरडी होते की सांधे आखडून चिरतात. जुलै-ऑगस्टमध्ये भिंती पाझरतात आणि कण्यावर बुरशी धरते. इगतपुरी-त्र्यंबककडे राहत असाल तर पावसाळ्याचा त्रास दुप्पट धरा. कपाटात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के चांगलं. ६५ च्या वर काटा राहिला की बुरशीची भीती. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळेल. पावसाने उघडीप दिली त्या दिवशी दुपारी दारं उघडून ठेवा, संध्याकाळी लावून घ्या. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्या लागतात. नुसत्या ठेवून विसरलात तर त्यांचा काही उपयोग नाही.

कण्यावर पांढरं काहीतरी दिसलं की लगेच बुरशी समजू नका. पूर्वी तेल चोळलेल्या चामड्यातून स्निग्ध पदार्थ बाहेर येऊन पांढरी साय धरते. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबूनच, क्षणभर दिली की साय विरघळते. बुरशी विरघळत नाही. खरी बुरशी असेल तर पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा, आधी कोरड्या हवेत सुकू द्या, मग मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. उन्हात ठेवू नका. चामडं तडकतं आणि रंग उडतो.

तेलाबद्दल स्पष्ट सांगतो. एरंडेल, खोबरेल, बूटपॉलिश यांपैकी काहीही लावू नका. पूर्वी मोठमोठ्या ग्रंथालयांतही लॅनोलिन आणि गुरांच्या हाडांचं तेल चोळण्याची पद्धत होती. आता जतनतज्ज्ञ ती टाळतात, कारण तेल धूळ ओढतं, चामडं चिकट आणि काळं होतं, आणि रेड रॉट काही त्याने थांबत नाही. भुकटी बसवायला अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं क्लुसेल जी नावाचं सेल्युलोजचं द्रव्य फार पातळ करून वापरतात. त्याने गळती थांबते, पण कुजलेलं चामडं पुन्हा धडधाकट होत नाही आणि रंग थोडा गडद होतो. हे काम शिकलेल्या हातानेच करावं.

वाळवी-कसरीसाठी आजी-आजोबा पोथ्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवत. ती ठेवायला हरकत नाही, फक्त पुस्तकाला थेट टेकू देऊ नका. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत. तो वास तुमच्या फुप्फुसांना वाईट. खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तक हातात घेणं. ज्या कपाटाला हात लागत नाही तिथेच कसर घर करते. कमकुवत पुस्तकाला धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात गुंडाळा. पोथीच्या रुमालाची आपली पद्धत इथे अगदी योग्य आहे. फक्त लाल खारवा वापरू नका, ओल लागली तर त्याचा रंग चामड्यावर उतरतो.

दसऱ्याला सरस्वतीपूजन करताना हळदकुंकू आणि झेंडू पुस्तकावर वाहतो. पूजा जरूर करा, पण जुन्या चामड्यावर आधी कोरा कागद अंथरा. हळदीचा डाग निघत नाही.

पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका. जुन्या बांधण्यांची वरची टोपी तुटलेली असते ती याच सवयीने. शेजारची दोन पुस्तकं थोडी आत ढकला आणि मधलं दोन्ही बाजूंनी धरून बाहेर घ्या.

नवी बांधणी करायचीच असेल तर

ज्या पुस्तकाची मूळ बांधणी आधीच गेलेली आहे, अशाच पुस्तकाला नवं चामडं चढवा. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येवर आणि २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथे वासराच्या कातड्याच्या मागे न लागता बकरीचं घ्यावं; बांधणीला तेच सरस आहे. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठून धारावीत एक चक्कर मारलीत तर निवड भरपूर मिळते. तमिळनाडूतलं पारंपरिक ई. आय. (ईस्ट इंडिया) लेदरही आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे.

दुकानात ‘व्हेज टॅन’, म्हणजे झाडपाल्यात कमावलेलं, मागा. क्रोम लेदर पाण्याला चिवट आणि मऊ असतं, पण त्यावर गरम ठसा नीट बसत नाही आणि कडा तासून पातळ करताना ते रापीखाली ताणलं जातं. न रंगवलेल्या क्रोम लेदरची कापलेली कड निळसर-राखाडी दिसते. व्हेज टॅनमध्ये तरवडाचं की हिरड्याचं हे आवर्जून विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर टॅनरीतून विचारून घ्यायला सांगा. चामडं चौरस फुटावर विकतात. बकरीचं एक कातडं साधारण चार ते सहा चौरस फूट असतं, जाडी ०.८ ते १ मिलिमीटरची घ्या. डेमी आकाराच्या, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या पुस्तकाला फुल लेदरसाठी वळवायच्या कडा धरून जेमतेम एक चौरस फूट लागतं. पुस्तकाच्या कण्यासाठी तुकडा कातड्याच्या पाठीकडच्या मध्यभागातून कापा. पोटाकडचं कातडं ढिलं असतं आणि पुढे सुरकुततं.

चिकटवायला गव्हाच्या पिठाची ताजी खळ. ती पुढच्या बाइंडरला ओलाव्याने सोडवता येते. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वाळला की पुन्हा सुटत नाही, आणि जुन्या पानांच्या पाठीवर तो कायमचा बसतो.

मोलाचं पुस्तक मात्र जतनतज्ज्ञाकडेच द्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला जतन केंद्र आहे. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ इथे जुन्या ग्रंथांचं काम जाणणाऱ्यांची माहिती मिळू शकते. पुस्तक देण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा. कोणतं चामडं, कोणतं चिकटद्रव्य, किती जुना भाग राखणार हे लेखी घ्या. कडा कापायच्या नाहीत हे तोंडी नको, कागदावर लिहून द्या. आणि जुना कणा काढावाच लागला, तर तो, त्यावरची सोनेरी अक्षरांची पट्टी आणि बाइंडरची चिठ्ठी असेल तर तीही पाकिटात घालून पुस्तकासोबत परत मागा. पुढच्या संग्राहकाला मूळ बांधणी ताडायला तेवढाच पुरावा उरलेला असेल.